तळहाताएवढा डाग

मित्रांनो, माझ्या अंगावर एक डाग आहे. तुमच्या आईने तळहात ठेवला तर बरोबर झाकला जाईल, एवढाच. बाकी सगळीकडे माझी नक्षी अजून खोल आहे, पण तेवढ्या जागी मी पोळपाटासारखा सपाट झालो आहे. मी मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा टायर. अंबरनाथच्या बुवापाड्यात एका घराच्या भिंतीवर, जाड खिळ्याला मी टांगलेला असतो. नवा पाहुणा आला की हटकून विचारतो, "हा भंगारात का नाही देत?" चहा पुढे येतो आणि विषय बदलतो. म्हणून ते उत्तर आज मी तुम्हाला देतो.

माझा जन्म रबराच्या चिकातून, काजळीतून आणि धाग्यांतून झाला. लोखंडी साच्यात घालून मला असं भाजलं, की कच्चेपणा सगळा निघून गेला. बाहेर आलो तेव्हा माझ्या अंगभर रबराचे बारीक बारीक केस होते, तान्ह्या बाळाच्या जावळासारखे. त्या जावळासकट मी उल्हासनगरच्या एका दुकानात आलो आणि छताच्या हुकाला लटकून गिऱ्हाइकाची वाट बघू लागलो.

दीड वर्षापूर्वी एका सकाळी दोघं बापलेक दुकानात आले. बाप महेंद्र, अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात कामाला. लेक धम्मदीप, तेवीस वर्षांचा, बदलापूरच्या एका लॅबमध्ये नुकताच लागलेला. घरोघर जाऊन तपासणीसाठी रक्ताचे नमुने आणायचे, हे त्याचं काम. बापाने पाच वर्षं वापरलेली गाडी आता लेकाच्या नावावर झाली होती, आणि तिचा मागचा टायर गुळगुळीत झाला होता.

दुकानदार सिंधी. त्याने मला खाली काढलं आणि म्हणाला, "साईं, पुढचा पण बदलून टाक. जोडी होऊन जाईल."

"पुढचा नव्यासारखा आहे," महेंद्र म्हणाला.

दुकानदार उकिडवा बसला. पुढच्या टायरवरून त्याने अंगठा फिरवला आणि मान वर करून बघतच राहिला. "वडी, पाच साल में मागचे दोन खाल्ले, आणि पुढच्याला काहीच नाही? आगे का ब्रेक मारता है की नहीं?"

महेंद्र हसला. जणू याच प्रश्नाची तो वाट बघत होता. त्याने दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा सुरात म्हटलं:

"मागचा ब्रेक सख्खा भाऊ, घरी आणून सोडी,
पुढचा ब्रेक खोटा सोयरा, रस्त्यात दात पाडी!"

दुकान खदखदून हसलं. धम्मदीप तेवढा मान खाली घालून उभा होता. बाप चारचौघांत गाऊ लागला की मुलं उभी राहतात, तसा.

ते गाणं महेंद्रने स्वतः जुळवलेलं होतं. बुवापाड्याच्या त्या गल्लीत ज्याला ज्याला त्याने गाडी शिकवली, त्याला आधी गाणं पाठ करायला लावलं आणि मगच किल्ली दिली. गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा ते टाळ्या पिटत म्हणत. आणि त्या गाण्यामागे थट्टा नव्हती, भीती होती. पंचवीस वर्षांपूर्वी महेंद्र बदलापूरला हेंद्रेपाड्याच्या वळणावर पडला होता. मागे धाकटा भाऊ जयदेव बसलेला. समोर म्हैस आली, महेंद्रने पुढचा ब्रेक करकचून दाबला आणि गाडी आडवी झाली. महेंद्रच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. ते सांधलं. जयदेवचा गुडघा सांधला नाही. तेव्हापासून जयदेव पाय ओढत चालतो आणि महेंद्रला त्या पायाचा आवाज भिंतीपलीकडूनही ऐकू येतो.

म्हणून त्याने गाडीच्या पुढच्या ब्रेकचा नटच सैल करून ठेवला होता. हँडलवरचा दांडा मुठीला टेकेपर्यंत दाबा, चाकाला खबर नाही.

मित्रांनो, दोन बैलांचं जू एकाच्याच मानेवर द्यावं, तशी माझी नोकरी होती. पुढच्या चाकावरचा माझा भाऊ नुसता फिरायचा. थांबायची वेळ आली की सगळा भार माझ्यावर. तरी मी कुरकुर केली नाही. आम्ही खूप हिंडलो. सकाळी सहाला निघायचं. कुठे हेंद्रेपाड्यातली जुनी चाळ, कुठे पालेगावचे नवे टॉवर. गाडीच्या मागे थंड डबा, त्यात रक्ताच्या बाटल्या अलगद झोपलेल्या. डबा हिंदकळू नये म्हणून धम्मदीप खड्डा दिसला की आधीच वेग कमी करायचा. कुणाच्या पुढे जायची त्याला कधी घाई नसे.

पालेगावात गोजरबाई म्हणून एक म्हातारी होती. तिच्या भाताच्या शेतावर आता सोळा मजले उभे राहिले होते, आणि ती त्यातल्याच तिसऱ्या मजल्यावर राहत होती. तिला साखरेचा आजार. दर सोमवारी उपाशीपोटी तिचं रक्त घ्यायचं असे. आमच्या गाडीचा आवाज आला की ती खिडकीतून ओरडायची, "आला का रं माझा मच्छर? ये, पी बाबा, पी! या वयात अजून कोण इचारतंय माझ्या रगताला!"

"आजी, मच्छर फुकट पितो. मी पावती देतो," धम्मदीप खालून म्हणायचा.

ते दिवस माझे चांगले होते.

मग एका शनिवारी लॅबने सगळ्या पोरांना बोलावून गाडी कशी थांबवायची ते शिकवलं. शिकवणाऱ्याने मैदानात चुन्याची रेघ मारली होती. आधी नुसत्या मागच्या ब्रेकने थांबा, मग दोन्हींनी. नुसत्या मागच्याने मी रेघ ओलांडून कितीतरी पुढे घसरत गेलो. दोन्हींनी थांबायची पाळी आली तेव्हा धम्मदीपचा पुढचा ब्रेक लागलाच नाही. त्याने दुसऱ्याची गाडी घेऊन करून बघितलं आणि रेघेच्या अलीकडेच थांबला. बराच वेळ तो त्या रेघेकडे बघत उभा होता.

घरी आल्याबरोबर त्याने पाना घेतला आणि पुढच्या ब्रेकचा नट आवळला. महेंद्र दारात उभा राहून बघत होता.

"काय चाललंय?"

"पप्पा, गाडी पुढचा ब्रेक थांबवतो. ब्रेक लागला की सगळं वजन पुढे जातं. बस थांबते तेव्हा माणसं पुढे झुकतात ना, तसं. मागचं चाक हलकं होतं, मग ते थांबवणार काय? नुसतं घसरतं."

"मला शिकवतोस? तुझ्या काकाचा पाय बघून ये आधी."

"मी झटक्याने नाही मारणार. हळूहळू दाबत जायचं, दोन बोटांनी."

"दोन बोटांनी माणसाचा कपाळमोक्ष होतो!"

आतून धम्मदीपची आई माया म्हणाली, "अहो, असू द्या ना. शिकवलंय त्याला तर शिकू द्या."

महेंद्र आत निघून गेला. मित्रांनो, त्या दिवशी तो भांडला असता तर किती बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. दर रविवारी महेंद्र गाडी धुवायचा. धम्मदीप आत झोपला होता. महेंद्रने मला चोळून चोळून धुतलं, नक्षीत अडकलेले खडे काडीने काढले. मग इकडेतिकडे बघून खिशातून पाना काढला, पुढच्या चाकापाशी बसला आणि तो नट पुन्हा सैल केला. सहा आटे. मी मोजले. फिरवताना तो पुटपुटत होता, "तुझ्याच भल्यासाठी रे राजा." त्याच्या आवाजात इतकी माया होती, की मला तोंड असतं तरी मी ओरडलो असतो की नाही, सांगता येत नाही.

त्याने ते कुणालाही सांगितलं नाही.

सोमवारी आम्ही वेळेवर निघालो. रस्ता मोकळा होता, कुठे जोराने थांबायची पाळीच आली नाही. हळू व्हायचं तिथे धम्मदीपचा पाय सवयीने मागच्या ब्रेकवर जायचा. हात त्याने खऱ्या वेळेसाठी राखून ठेवला असावा. पालेगावच्या सिमेंटच्या रस्त्यावर आम्ही वळलो. गोजरबाईची खिडकी लांबून दिसू लागली. आणि एका बांधकामाच्या फाटकातून पाण्याचा टँकर मागे मागे येत, हॉर्न न देता, अख्खा रस्ता अडवून उभा राहिला.

धम्मदीपने पाय दाबला. त्याच क्षणी त्याने हाताची दोन बोटंही दाबली, शिकवलं होतं तशी. हळू, मग जोरात, मग चारही बोटांनी. दांडा मुठीला जाऊन टेकला. पुढच्या ब्रेकची तार हलली, पण ताणली गेली नाही. माझा भाऊ पुढे फिरतच राहिला.

आणि मी अडकलो. चाक फिरतं तोवर टायरचा नवा नवा भाग जमिनीला टेकतो, रस्त्याला धरतो, सोडतो. अडकलेलं चाक एकाच जागी भाजतं. एकोणीस मीटर मी त्या एकाच जागेवर घासत गेलो. माझ्या मागे काळी रेघ उमटत होती, सरळ, शेवटी वाकडी. गाडीची शेपटी फिरली, धम्मदीप कुशीवर पडला आणि घसरत टँकरखाली गेला. डोक्यावर हेल्मेट होतं. छातीवर काही नव्हतं.

तो परत घरी आला नाही. तिसऱ्या मजल्यावर गोजरबाई दुपारपर्यंत उपाशी बसून होती.

मला गाडीसकट पोलीस ठाण्याच्या आवारात आणून टाकलं. टँकरवाला पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता, "पोरगा गाडी उडवत आला. रेघ बघा केवढी!" पोलिसांनी फीत लावून रेघ मोजली आणि कागदावर लिहिलं: भरधाव. लांब रेघ म्हणजे मोठा वेग, असं सगळ्यांनाच वाटतं. जलदान विधीला जमलेल्या लोकांतही कुणीतरी हळूच म्हणालं, "हल्लीची पोरं. उडवत असेल." ते मायाच्या कानावर गेलं.

माणसं उठून गेल्यावर ती महेंद्रला म्हणाली, "माझा लेक उडवत नव्हता. जो लोकाच्या रक्ताची बाटली हिंदकळू देत नव्हता, तो उडवेल? मला दुसरं काही नको. हे खोटं आहे, एवढं सरकारी कागदावर लिहून आणा."

महेंद्र कामावर रजा टाकून हिंडला. अर्ज दिले, बाकांवर बसला. तिसऱ्या आठवड्यात गाडी तपासायला मोटार वाहन निरीक्षक आल्या. वैष्णवी मॅडम. हातात टॉर्च, खांद्याला पिशवी. महेंद्र, माया आणि काठी टेकत जयदेव, तिघं आवारात उभे होते.

हवालदार म्हणाला, "मॅडम, ह्यात बघण्यासारखं काय आहे? एकोणीस मीटर रेघ आहे. पोरगा उडवतच होता."

"रेघ बोलते, हवालदार. पण तिला प्रश्न नीट विचारावा लागतो," मॅडम म्हणाल्या आणि माझ्यापाशी बसल्या.

त्यांनी मला हळूहळू फिरवलं. डाग आला तसा हात थांबला. डागावरचे ओरखडे त्यांनी बोटाने वाचले, सगळे एकाच दिशेचे. मग त्यांनी माझ्या भावाला पुरा एक फेरा फिरवला. त्याच्या अंगावर काहीच नव्हतं. कडेला तर जावळसुद्धा शिल्लक होतं.

"ही रेघ एकट्या मागच्या चाकाची आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही चाकांनी जोर लावला असता आणि तरी एवढी रेघ पडली असती, तर मीही म्हटलं असतं, साठ-पासष्टच्या वर असेल. पण एकटं मागचं चाक गाडीला धड धरत नाही. पुढचा मडगार्ड बघा, थोडाच चेपलाय, धडक हळू बसलीय. हा मुलगा पंचेचाळीसच्या आसपास होता. या रस्त्याला हा वेग भरधाव नाही."

माया तिथेच खाली बसली. किती दिवसांनी तिने पुरा श्वास घेतला. "ऐकलंत ना?" ती महेंद्रला म्हणाली. "लिहा मॅडम. आत्ताच लिहा."

"लिहिते. पण अजून एक आहे." मॅडमनी पुढच्या ब्रेकचा दांडा दाबला. तो मुठीला टेकला. "हा लागतच नाही. हा लागत असता, तर गाडी टँकरच्या पाच-सहा मीटर आधी उभी राहिली असती."

मॅडमनी टॉर्च नटावर धरला. "हे धडकेने झालेलं नाही. नटाच्या कडांवर पान्याचे ताजे ओरखडे आहेत, आवळल्याचेही आणि सोडल्याचेही. धडकेच्या आधी थोड्याच दिवसांत कुणीतरी हा आवळलाय आणि परत सोडलाय. गाडी कुणाच्या नावावर?"

"त्याच्याच," जयदेव म्हणाला.

"मग गॅरेजवाल्याने केलं असेल तर त्याचं नाव सांगा. नाहीतर मला लिहावं लागेल की चालवणाऱ्याने ब्रेक स्वतःच निकामी ठेवला होता."

माया चिडून उठली. "तो कशाला सोडेल? त्याने तर आवळला होता! माझ्यासमोर आवळला! अहो, सांगा ना तुम्ही. तुम्ही पण होतात ना तिथे!"

महेंद्रला वाट मोकळी होती. गॅरेजवाला म्हणून कुणाचंही नाव घेता आलं असतं. आठवत नाही म्हणता आलं असतं. गप्प राहिला असता, तर दोष मेलेल्या लेकाच्या नावावर गेला असता, आणि मेलेली माणसं तक्रार करत नाहीत. तो माझ्याकडे बघत होता. मला वाटतं, डागाकडे.

"मॅडम, लिहा," तो म्हणाला. "त्याने शनिवारी आवळला. रविवारी मी सोडला. तो झोपला होता. त्याला मी सांगितलं नाही."

"का, काका?"

महेंद्रच्या ओठांवर ते गाणं आलं असावं. त्याचे ओठ हलले.

मॅडमनी जबाब लिहून घेतला. महेंद्रने सही केली. मायाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. आपल्या लेकाचं नाव निर्मळ करणारा कागद तिने छातीशी धरला आणि रिक्षा न करता पायी घराकडे निघाली.

गाडी पुढे भंगारात गेली. माझा भाऊही तिच्याबरोबर गेला, अंगावरच्या जावळासकट. महेंद्रने मला तेवढं सोडवून आणलं आणि खिळा ठोकला. मी त्याला अडवू शकत नव्हतो.

एके दिवशी जयदेव ओट्यावर बसून म्हणाला, "दादा, हेंद्रेपाड्याला आपण पडलो ना, तेव्हा तुझं हँडल वळलेलं होतं. आणि खाली खडी होती. ब्रेकचा दोष नव्हता."

"मग पंचवीस वर्षं बोलला का नाहीस?"

जयदेवने काठी दुसऱ्या हातात घेतली. "तू गाणं म्हणायचास, सगळे हसायचे. माझ्या पायाचं काहीतरी झालं असं वाटायचं. कशाला मोडू?"

आता दर रविवारी महेंद्र पाना घेऊन गल्लीतल्या गाड्यांचे पुढचे ब्रेक बघत हिंडतो. सैल असेल तो आवळून देतो. वाकडं चाक, खडी, ओली माती असेल तर कसं जपून दाबायचं, सरळ रस्त्यावर दोन्ही मिळून कसे दाबायचे, ते सांगतो. पोरं हसतात. तो पुढच्या घरी गेला की मागे त्याचंच गाणं म्हणतात, टाळ्या पिटून. त्याने नवं गाणं जुळवायचा प्रयत्न केला, दोन बैल आणि एक जू असं काहीतरी. ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. जुन्याला चाल चांगली आहे.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. तुमच्या घरच्या गाडीचा पुढचा दांडा आज दाबून बघा. मुठीला टेकत असेल तर मोठ्यांना सांगा, आणि त्यांनी हसण्यावारी नेलं तर पुन्हा सांगा. जो तुमच्यावर फार माया करतो, त्याला दोनदा सांगा.

परवाच्या रविवारी शेजारची रिद्धी तिची कॉलेजची स्कूटर घेऊन आली होती. महेंद्र तिच्या पुढच्या चाकापाशी बसून नट आवळत होता. माया दारात तांदूळ निवडत बसली होती. त्या दिवसापासून ती महेंद्रला ताट वाढते, डबा भरून देते, पण धम्मदीपबद्दल त्याच्याशी एक अक्षर बोलत नाही.

रिद्धीने विचारलं, "काका, म्हणजे ते गाणं चुकीचंच आहे की! मला तर लहानपणापासून पाठ आहे. कुणी केलंय ते?"

महेंद्रचा पाना थांबला. त्याने मान वर केली नाही.

मायाने सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

"माझ्या लेकाच्या बापाने," ती म्हणाली. मग पुन्हा तांदूळ निवडत म्हणाली, "नीट आवळा. पोर कॉलेजला जायचीय."